भीक नको, हिशेब हवा

'या मुलाला वाढवायला महिन्याला किती लागतात?' हा साधा प्रश्न पोटगीच्या दाव्यात क्वचितच कुणी विचारते. विचारले जाते ते असे : बाई किती मागते आणि तो किती द्यायला तयार आहे? ती म्हणते आठ हजार. तो म्हणतो पंधराशे. दोन्ही वकील कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन येतात आणि तीन हजारांवर तुटते. आठवडी बाजारात शेळीचा सौदा असाच होतो. पण तिथे निदान शेळी समोर उभी असते, दोघेही तिचे दात बघतात, वजन अजमावतात. इथे ज्याच्यासाठी सौदा चालला आहे ते पोर कुणाच्याच डोळ्यांसमोर नसते. ते शाळेत असते, आणि शाळेची फी थकलेली असते.

मुलांची पोटगी ही घासाघीस करून ठरवायची गोष्ट नाही, हिशेबाने ठरवायची गोष्ट आहे, एवढेच मला इथे म्हणायचे आहे. हिशेब मांडता येतो. कायद्यात त्याला जागा आहे, वरच्या कोर्टांनी वाटही दाखवली आहे. तरीही तो मांडला जात नाही, कारण मांडला तर बापांना आज पडते त्यापेक्षा पुष्कळ जास्त द्यावे लागेल. आणि मुलांचा प्रश्न बाईच्या पोटगीच्या पदराला बांधलेला राहतो. ती गाठ आपणच सोडवायला हवी.

नावातच खोट

आधी शब्द बघा. 'पोटगी', 'खावटी'. एकात पोट, दुसऱ्यात खाणे. टाकलेल्या बाईने उपाशी मरू नये, गावात नवऱ्याच्या घराण्याची अब्रू जाऊ नये, इतकाच अर्थ. बाईला हा शब्द अपमानाचा आहेच, पण मुलालाही तो तसाच चिकटवला गेला. मूल म्हणजे नुसते पोट नव्हे. त्याला वह्या लागतात, चष्मा लागतो, पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर लागतो, वर्गाच्या सहलीला जायचे असते. शिवाय 'पोटगी देणे' म्हटले की देणारा दाता ठरतो आणि घेणारी याचक. मग तो उपकार केल्यासारखा देतो, मनात आले की थांबवतो, आणि चार लोकांत सांगतो, 'मी बायकोला पोसतो.'

खरी गोष्ट अशी की बापाच्या कमाईत मुलाचा वाटा जन्मापासूनच असतो. दोघे एका घरात नांदत होते तेव्हा तो कुणी मोजत नव्हते, पण तो होता. घर मोडले म्हणून तो वाटा मोडत नाही. नवरा-बायकोचे नाते कोर्ट तोडू शकते. बाप आणि लेकरू यांचा घटस्फोट कुठल्याच कायद्यात नाही.

कायदाही हेच सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाने मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले, सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. मूल लग्नाचे की लग्नाबाहेरचे हा भेद ते मानत नाही. म्हणजे फसवून केलेल्या दुसऱ्या लग्नातल्या मुलांनाही ते दार उघडे आहे. शाहबानो खटल्यानंतर १९८६ चा कायदा आला तेव्हा मुस्लिम मुलांना फक्त दोन वर्षांपर्यंतच खर्च मिळेल, असे सांगणारे बाप निघाले होते. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली : मुलांचा हक्क स्वतंत्र आहे, आईच्या तलाकाशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच आईने रागाच्या भरात किंवा सुटकेच्या घाईत 'मला काही नको' असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क बुडत नाही. आई स्वतःचे सोडू शकते. लेकराचे सोडून देण्याचा अधिकार तिला नाही, आणि तसे लिहून घेणाऱ्यालाही नाही.

पाचशे रुपयांची भिंत

आजच्या किरकोळ रकमांची मुळे जुनी आहेत. १९५५ साली या कलमाखालच्या पोटगीला जास्तीत जास्त पाचशे रुपयांची मर्यादा घातली गेली. १९७३ ची नवी संहिता आली, मर्यादा तीच राहिली. ती उठली २००१ साली. शेहेचाळीस वर्षांत धान्य, कापड, घरभाडे, शाळा सगळ्यांचे भाव कितीतरी पटींनी चढले, पण टाकलेल्या बाईच्या आणि तिच्या पोरांच्या गरजा जणू पंचावन्न सालीच गोठल्या होत्या! त्याच काळात संगमनेर, सांगली अशा भागांत परित्यक्ता बायका संघटित झाल्या, मोर्चे निघाले, रेशनकार्डापासून पोटगीपर्यंत मागण्या पुढे आल्या. ही भिंत आपोआप पडलेली नाही.

कायद्यातली भिंत पडली, पण डोक्यातली अजून उभी आहे. किती द्यावे याचे माप कायद्याने दिले नाही, ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले. विवेक चांगला असेल तर रक्कम बरी ठरते, नसेल तर मागच्या खटल्यात किती दिले होते ते बघून तेवढीच दिली जाते. एकाच जिल्ह्यात, एकाच मिळकतीच्या दोन बापांना दोन वेगळे आकडे पडतात. याला न्याय म्हणायचे की नशीब?

बापाची कमाई : दिसते ती आणि असते ती

हिशेबाची पहिली बाजू बापाची मिळकत. लग्न जमवताना हाच माणूस 'बागाईत शेती, स्वतःचे दुकान, वरकमाई वेगळी' असतो. पोटगीचा अर्ज पडला की रातोरात कोरडवाहू होतो. दुकान भावाच्या नावावर जाते, गाडी मेहुण्याची ठरते, नोकरी 'सुटते'.

या लबाडीवर उपाय आहे. राजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी आदेश दिला की, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे, समोरच्याने चार आठवड्यांत उत्तर द्यायचे, अंतरिम पोटगी चार ते सहा महिन्यांत ठरवायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. हा खटला आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. अंतरिम पोटगीचाच वाद सात वर्षे चालला होता. मूल बालवाडीत असताना अर्ज पडावा आणि निकाल लागेपर्यंत ते चौथी ओलांडून जावे, असा हा काळ!

शपथपत्राचा नमुना हातात आला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. त्यात खोटे लिहिता येते. ते पकडायला कागद लागतात, आणि कुठला कागद कुठे मिळतो हे बायकांना ठाऊक असते. नोकरदाराचे पगारपत्रक मागा आणि त्यातल्या कपाती नीट बघा. आयकर, भविष्यनिर्वाह निधी या सक्तीच्या कपाती समजू शकतो. पण सोसायटीचे कर्ज, गाडीचा हप्ता, स्वखुशीने वाढवलेली बचत वजा करून 'हातात नऊच हजार पडतात' हे ऐकून घ्यायचे कारण नाही. हप्ता भरून गाडी त्याच्या दारात उभी राहते, तो खर्च लेकराच्या आधी कसा येतो? शेतकरी असेल तर सात-बारा आणि आठ-अ काढा, साखर कारखान्याचे उसाचे बिल, दूध संघाचे बिल, सोसायटीचे पीककर्ज बघा. दुकानदार असेल तर बँकेचे उतारे मागा. कर्ज काढताना बँकेला दाखवलेली मिळकत आणि कोर्टात सांगितलेली मिळकत शेजारी शेजारी ठेवा, आणि गंमत बघा!

'नोकरीच नाही' म्हणणाऱ्याचे उत्तरही तयार आहे. अंगमेहनत करू शकणाऱ्या धडधाकट माणसाने काम करून बायकामुलांना पोसले पाहिजे, मिळकत नाही ही सबब चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग खटल्यात २०२२ साली पुन्हा एकदा स्पष्ट केले. बाईने मात्र नवऱ्याने टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धुणीभांडी शोधलेली असतात. तिला ही सवलत कुणी देत नाही.

मुलाचा खर्च : वही उघडा

दुसरी बाजू मुलाच्या खर्चाची, आणि इथे आपली तयारी कमी पडते. अर्जात एक ओळ असते : 'मुलाच्या शिक्षणासाठी व संगोपनासाठी दरमहा रु. अमुक'. हा अमुक आला कुठून? समोरचा वकील विचारतो आणि बाई गप्प होते. तिला खर्च माहीत नसतो असे नाही, पैन् पै माहीत असतो. पण तो कधी कागदावर आलेला नसतो.

उदाहरणादाखल मांडून बघू. समजा तालुक्याच्या गावात चौथीतली मुलगी आईबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिच्या जेवणखाणाचे, दूध-अंडी-फळे धरून, तीन हजार. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश मिळून वर्षाचे अठरा हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. शाळेच्या रिक्षाचे आठशे. शिकवणीचे सातशे. औषधपाण्याचे सरासरी पाचशे. कपडे, चपला, सणवार, सहल यांचे सहाशे. आई कामावरून येईपर्यंत शेजारच्या मावशी मुलीला बघतात, त्यांचे नऊशे. आता यात एक गोष्ट जवळजवळ नेहमी विसरली जाते : मुलगी हवेत राहत नाही. भाडे, वीज, गॅस मिळून सहा हजार होत असतील तर त्यातला तिचा एक तृतीयांश, म्हणजे दोन हजार, तिच्या खात्यावर धरायलाच हवा. बेरीज दहा हजार. यात चैन कुठे आहे ती दाखवा.

यातली कुठलीही रक्कम कमी-जास्त होईल. मुंबईत भाडे चौपट असेल, वाडीवस्तीवर शिकवणी नसेल. मूल अपंग असेल तर सगळा तक्ताच बदलेल. पण तक्ता असला की वाद आकड्यांवर होतो, बाईच्या चारित्र्यावर आणि 'तिच्या माहेरच्यांची हाव' या विषयावर होत नाही. राजनेश खटल्याच्या निकालातही मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधे, शिक्षण आणि वाजवी प्रमाणात शिकवणीचा खर्च धरावा असे म्हटले आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

'तीही कमावते ना!'

हे वाक्य हल्ली प्रत्येक दाव्यात येते. कमावते, म्हणून काय? त्याचा हिशेबही मांडू.

वरच्याच मुलीचा बाप महिन्याला तीस हजार मिळवतो आणि आई दहा हजार, असे धरा. सौद्यात नेहमीप्रमाणे तीन हजार ठरले. मुलीचा खर्च दहा हजार आहे, तेव्हा उरलेले सात आईच्या पगारातून जातात. बापाने कमाईचा दहावा हिस्सा दिला, आईने दहातले सात. बापाकडे एकट्यासाठी सत्तावीस हजार उरले, आईकडे तीन हजार. आणि तिच्यावर आरोप हा की ती 'पैशासाठी भांडते'!

आता कोर्टांनीच वापरलेल्या दोन पद्धती लावून बघा. पहिली, मिळकतीच्या प्रमाणात वाटणीची. पद्मजा शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, बापाची मिळकत आईच्या साधारण दुप्पट आहे हे बघून, मुलांचा खर्च दोनास एक या प्रमाणात दोघांवर टाकला. आपल्या उदाहरणात प्रमाण तीनास एक, म्हणजे बापाचे साडेसात हजार, आईचे अडीच. दुसरी पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली अनुरिता व्होरा खटल्यात वापरली : घराची सगळी मिळकत एकत्र धरायची, कमावत्या नवऱ्याला दोन वाटे आणि बाकी प्रत्येकाला एक. आपल्याकडे एकूण चाळीस हजार, वाटे चार, प्रत्येकी दहा. आईचा वाटा तिच्या पगारात आलाच. मुलीचा दहा हजारांचा वाटा बापाने द्यायचा. तरी त्याच्या हातात वीस हजार उरतात, म्हणजे आईच्या दुप्पट.

तीन हजार, साडेसात हजार, दहा हजार. एकच मुलगी, एकच बाप. फरक फक्त हिशेब केला की नाही याचा आहे.

प्रमाणात वाटणीसुद्धा मला पूर्ण न्यायाची वाटत नाही, कारण ती फक्त पैसा मोजते. पहाटे उठून डबा करणे, ताप आला की रजा टाकणे आणि त्या दिवसाचा पगार गमावणे, पालकसभेला जाणे, मुलगी एकटी राहील म्हणून बढतीची बदली नाकारणे, हे सगळे आईच्या वाट्याला येते आणि हिशेबात शून्य धरले जाते. बाप ज्या दिवशी हे करत नाही, त्या दिवशी तो ते वाचवत असतो. घरकामाला मोल नाही हे आपण किती वर्षे ओरडून सांगतो आहोत! निदान मोडलेल्या घराचा हिशेब मांडताना तरी ते मोल धरले पाहिजे. मुलाला सांभाळणाऱ्याचा वाटा त्याच्या वेळात आणि श्रमात आधीच जमा झालेला आहे, तेव्हा पैशातला त्याचा वाटा प्रमाणापेक्षा कमी असावा, ही मागणी सरळ आहे.

आणि हे फक्त बायकांपुरते नाही. मुले बापाकडे असतील, आई चांगले कमावत असेल, तर हाच नियम उलट बाजूने लागावा. कायदा 'आई-बाप' म्हणतो, ते आपल्याला मान्य आहे. 'पुरुषांवर अन्याय' म्हणून गळा काढणाऱ्या संघटनांना माझे एवढेच सांगणे आहे की, लहरीवर ठरणाऱ्या रकमेपेक्षा ठरलेला हिशेब प्रामाणिक बापालाही सोयीचा आहे. त्याची नोकरी खरोखर गेली, तो आजारी पडला, म्हाताऱ्या आईबापांचा भार वाढला, तर हिशेब पुन्हा मांडता येईल. हिशेबाची भीती असते ती लपवणाऱ्याला.

पहिलीतले तीन हजार, दहावीतही तीन हजार

समजा झगडून रक्कम बरी ठरली. ती कुठल्या वर्षासाठी ठरली? हुकुमात बहुधा एकच आकडा असतो आणि पुढे 'सज्ञान होईपर्यंत' असे शब्द असतात. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तरी बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे पहिलीत लावलेले तीन हजार बारावीत दीड हजारांच्या मोलाचे राहतात, आणि मुलाचा खर्च त्याच काळात वाढलेला असतो. रक्कम वाढवून मागायची तरतूद आहे, पूर्वीचे १२७ वे आणि आताचे १४६ वे कलम. पण त्यासाठी नवा अर्ज, नवा वकील, नव्या तारखा. चार वेळा कोर्टाची पायरी चढायची ताकद किती जणींत असते? म्हणून मूळ अर्जातच दरवर्षी ठरावीक टक्के वाढ मागितली पाहिजे. घरमालकाच्या करारात दरवर्षी दहा टक्के वाढ बिनतक्रार लिहिली जाते. लेकराच्या हुकुमातच ती जड का जाते?

आणि सज्ञान होणे म्हणजे तरी काय? अठरावा वाढदिवस बारावीच्या वर्षात येतो. ज्या वर्षी सर्वांत मोठी फी भरायची, त्याच वर्षी बाप मोकळा! अविवाहित सज्ञान मुलीला १९५६ च्या कायद्याखाली निर्वाह मागता येतो, हे २०२० साली अभिलाषा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पण तो वेगळा दावा, आणि तो हिंदू कायद्याखालचा. मुलाला तर तेही नाही. सुरू असलेले शिक्षण किंवा धंदेशिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांनाही हक्क हवा.

हुकूम हातात, पैसे कुठे?

सगळ्यांत कटू भाग हा. हुकूम मिळतो, दोन महिने पैसे येतात, मग थांबतात. वसुलीचा अर्ज टाकला की वॉरंट निघते, आणि पोलीस 'पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा मारून ते परत पाठवतात. ज्या गावात तो रोज चौकात बसून चहा पितो, त्याच गावात तो सापडत नाही!

तरी जे हातात आहे ते नीट वापरू. थकबाकीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, हे प्रत्येक बाईला पहिल्याच बैठकीत सांगा. 'साठू दे, एकदम मागू' म्हणून थांबले की जुने हातचे जाते. न देणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच कुलदीप कौर खटल्यात सांगितले आहे. पण तुरुंगातून लेकराची फी येत नाही. खरा उपाय पगारातून थेट कपात हा आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या २० व्या कलमात मॅजिस्ट्रेट मालकालाच सांगू शकतो की, रक्कम पगारातून कापून थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा. दिवाणी हुकूमनामा असेल तर पोटगीच्या वसुलीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती येते, एरवीच्या देण्यांत एवढी येत नाही. ही हत्यारे गंजत पडली आहेत. अर्जात ती मागणी लिहिलेलीच नसते.

'पोराला भेटू देत नाही, मग पैसे कशाला देऊ?' हा शेवटचा हुकमी पत्ता. भेट हा मुलाचा हक्क आहे, खर्च हाही मुलाचा हक्क आहे. एकाचा हप्ता म्हणून दुसरा अडवता येत नाही. भेटीची अडचण असेल तर त्याने त्यासाठी अर्ज करावा. हेच आपल्या बायकांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे : पैसे थकले म्हणून मुलाला बापापासून तोडणे हे उत्तर नव्हे. हिंसेची भीती असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती कोर्टापुढे तशीच मांडावी.

१९५६ च्या अज्ञान पालकत्व कायद्यात बाप हा पहिला नैसर्गिक पालक, आई त्याच्यानंतर. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात त्या 'नंतर'चा अर्थ थोडा सैल झाला, पण शब्द तसेच आहेत. पालक म्हणून पहिला आणि पैसे देताना शेवटचा, ही पुरुषप्रधान व्यवस्थेची वाटणी आहे.

सरकार कुठे आहे?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न नुसता कोर्टावर सोडलेला नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाचा तक्ता आहे : बापाची मिळकत आणि मुलाचे वय बघा, आकडा समोर. ब्रिटनमध्ये साधारण मिळकतीच्या पालकाला एका मुलासाठी बारा टक्के, दोघांसाठी सोळा, तिघांसाठी एकोणीस असे सूत्र आहे. तिथली १९९३ पासूनची पहिली यंत्रणा गोंधळामुळे बदनाम होऊन बंद पडली, तेव्हा नुसते सूत्र पुरत नाही, वसुली करणारे हातही लागतात, हा धडाही घेऊ. स्वीडन आणि जर्मनीत बापाने दिले नाही तर सरकार मुलाला ठरावीक रक्कम आधी देते आणि मग बापाकडून वसूल करते. भांडण सरकार आणि बाप यांच्यात, मूल उपाशी राहत नाही.

आपल्याकडे? म्हाताऱ्या आईबापांसाठी २००७ साली कायदा झाला, न्यायाधिकरणे झाली, नव्वद दिवसांत निकालाचे बंधन आले. चांगलेच झाले. मग लेकरांसाठी असे न्यायाधिकरण का नाही? अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे २००१ पासून कायद्यात लिहिले आहे, पण त्या 'शक्यतो'त सगळे अडकले आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, २०२३ साली तिची रक्कम महिना १,१०० वरून २,२५० झाली, एकट्या आईच्या मुलांनाही ती मागता येते. जरूर मागा. पण ही मदत बापाचे देणे माफ करणारी नव्हे. सरकारने ती रक्कम चुकार बापाकडून वसूल का करू नये?

आपण काय करायचे

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, 'त्याच्या पैशावर थुंकते मी, मी माझ्या हिमतीवर वाढवीन.' त्या स्वाभिमानाला माझा सलाम आहे. पण हा स्वाभिमान बापाला सगळ्यांत स्वस्त पडतो. बाई राबून मोडते, पोर दहावीनंतर कामाला लागते, आणि तो नव्या संसारासाठी मोकळा होतो. दुसऱ्या काही जणी म्हणतात, समझोत्यात जे मिळते ते एकरकमी घेऊन सुटावे. मुलाच्या बारा-पंधरा वर्षांचा हिशेब न मांडता घेतलेली एकरकमी म्हणजे लेकराचा वाटा पडत्या भावाने विकणे. एकरकमीच घ्यायची तर ती बेरीज करून, मुलाच्या नावावर ठेवीत घ्या.

म्हणून प्रत्येक केंद्रात पहिल्या दिवशी अर्जाआधी खर्चाची वही भरून घेऊ या. आईची साक्ष तिच्या स्वतःच्या वहीवर उभी राहू दे. वकिलाला सांगू या की मुलाची रक्कम आईच्या रकमेपासून वेगळी लिहा, अर्जाच्या तारखेपासून मागा, वार्षिक वाढ मागा, पगारातून कपात मागा. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्याला बायकांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही बाईला, कुठल्याही मुलाला वकील फुकट मिळतो. हे सांगायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक केंद्राने नोंद ठेवावी : मागितले किती, मिळाले किती, थकले किती, किती महिन्यांनी. दहा जिल्ह्यांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर त्या कागदासमोर मंत्र्यालाही बोलता येणार नाही.

आणि मागण्या ठरवून घेऊ. मुलाच्या खर्चाचे आणि मिळकतीच्या प्रमाणाचे एक जाहीर सूत्र, ज्याच्याखाली जाताना न्यायाधीशाला कारण लिहावे लागेल. सांभाळणाऱ्याच्या श्रमाची त्यात नोंद. आपोआप वार्षिक वाढ. शिक्षण संपेपर्यंत हक्क. नोकरदारांना पहिल्या महिन्यापासून पगारातून कपात. आणि थकवणाऱ्याच्या मुलाला सरकारकडून आगाऊ रक्कम, वसुली सरकारने करावी.

यातली एकही मागणी दयेची नाही. पुढच्या वेळी कुणी विचारले, 'बाई, किती कमी करता?' तर तिने वही पुढे सरकवावी आणि म्हणावे : 'यातले काय कमी करू ते तुम्हीच सांगा. दूध, की शाळा?'